हप्त्याला मुभा, परवान्याला मनाई!

तरुणांच्या मेळाव्यात भाषणाची संधी मिळाली की महाराष्ट्रातील कोणत्याही पक्षाच्या पुढाऱ्याला एक वाक्य हमखास सुचते - 'नोकऱ्यांच्या मागे धावू नका, स्वतःचा धंदा करा.' पाठोपाठ मराठी माणूस व्यवसायात मागे का पडतो याचे चिंतन होते. वडापावच्या गाडीपासून सुरुवात करून पुढे मोठे झालेल्या कर्तबगार उद्योजकांचे दाखले दिले जातात. टाळ्या पडतात, हारतुरे होतात आणि वक्ता पुढच्या सभेला रवाना होतो. प्रश्न उभा राहतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी. एखादा तरुण ते भाषण खरे मानून मुंबई महापालिकेच्या विभाग कार्यालयात जातो आणि खिडकीपलीकडच्या कारकुनाला विचारतो, 'साहेब, भाजीची गाडी लावायची आहे. परवाना कोठे मिळेल?' त्याला मिळणारे उत्तर एका ओळीचे आहे - 'नवे परवाने बंद आहेत.'

कधीपासून? तर १९७८ पासून! त्या वर्षी मुंबई महापालिकेने फेरीवाल्यांना नवे परवाने देणे थांबवले. त्या वेळी मिसरूड फुटलेला तरुण आज वयाची पासष्टी ओलांडून गेला आहे. या काळात गिरण्यांचे भोंगे थांबले, त्या जमिनींवर मनोरे उभे राहिले, समुद्रावर पूल बांधले गेले आणि जमिनीखालून मेट्रो धावू लागली. बदलले नाही ते फक्त त्या खिडकीवरचे उत्तर.

पण त्या उत्तराने नाउमेद होऊन तो तरुण कार्यालयाबाहेर येतो, तेव्हा रस्त्यावर त्याला काय दिसते? हाकेच्या अंतरावर भाजीच्या, फळांच्या, कपड्यांच्या शेकडो पथाऱ्या मांडलेल्या असतात आणि त्यांतील बहुतेकांकडे परवाना नसतो. थोडी चौकशी करताच त्याला समजते की, खिडकीवर जे मिळत नाही, ते कोपऱ्यावर मिळते. तिथे अर्ज नको, अधिवासाचा दाखला नको, शुल्काची पावतीही नको. ठरलेल्या माणसाच्या हाती ठरलेली रक्कम ठेवली की झाले. धंदा करण्याची मनाई या शहरात कधी नव्हतीच. मनाई आहे ती कायदेशीरपणे धंदा करण्याची. कष्टाने जगू पाहणाऱ्या माणसाला शासनयंत्रणाच बेकायदेशीर ठरवते आणि मग त्या बेकायदेशीरपणाचे रोजचे भाडे वसूल होऊ देते. या दुटप्पीपणाचा जाब विचारण्याची वेळ केव्हाच येऊन ठेपली आहे.

हक्क कागदावर, किल्ली खिशात

फेरीवाल्याला धंदा करू देणे हा पालिकेचा उपकार आहे, असा एक समज शासनकर्त्यांनी आणि सुशिक्षित मध्यमवर्गानेही जोपासला आहे. राज्यघटना मात्र निराळेच सांगते. अनुच्छेद १९(१)(छ) अन्वये प्रत्येक नागरिकाला कोणताही पेशा, व्यवसाय, व्यापार किंवा धंदा करण्याचा मूलभूत हक्क आहे. सार्वजनिक हितासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. पण निर्बंध घालणे वेगळे आणि दार कायमचे बंद करणे वेगळे.

सर्वोच्च न्यायालयाने ही गोष्ट पुनःपुन्हा स्पष्ट केली आहे. १९८५ साली मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांच्या गाजलेल्या खटल्यात, उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले. १९८९ साली दिल्लीच्या फेरीवाल्यांसंबंधीच्या सोदान सिंग प्रकरणात घटनापीठाने निर्वाळा दिला की, रस्त्यावर फिरून वा पथारी मांडून माल विकणे हा वाजवी निर्बंधांच्या अधीन असलेला मूलभूत हक्क आहे. २००४ साली केंद्राने राष्ट्रीय धोरण जाहीर केले, २००९ साली ते सुधारले. २०१० साली गेंदा राम प्रकरणात न्यायालयाला सरकारला बजावावे लागले की, केवळ धोरणावर भागणार नाही, आता कायदा करा. अखेर संसदेने पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण आणि पथविक्रीचे नियमन करणारा अधिनियम संमत केला आणि १ मे २०१४ पासून तो अमलात आला. महाराष्ट्र दिनीच, कामगार दिनीच! योगायोग सुंदर होता. पुढे जे घडले ते तितके सुंदर नव्हते.

हा कायदा ज्यांनी वाचला आहे, त्यांना त्यातील समतोल जाणवल्यावाचून राहणार नाही. दर पाच वर्षांतून किमान एकदा सर्व पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण व्हावे. सर्वेक्षणात आढळलेल्यांना विक्री क्षेत्रांत सामावून घ्यावे. त्यासाठी शहराच्या, विभागाच्या वा प्रभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्के ही मर्यादा असावी. विक्री प्रमाणपत्र चौदा वर्षांवरील व्यक्तीला मिळावे. धंदा प्रमाणपत्रधारकाने स्वतः वा कुटुंबीयांमार्फत करावा, उपजीविकेचे दुसरे साधन त्याच्याकडे नसावे आणि ती जागा त्याने दुसऱ्याला भाड्याने देऊ नये. आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांतून निवडून आलेले असावेत आणि त्यांत एक तृतीयांश महिला असाव्यात. हटवायचे झाल्यास तीस दिवसांची नोटीस द्यावी. माल जप्त केल्यास त्याची यादी करून द्यावी. दावा केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामकाजी दिवसांत परत करावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सर्वेक्षण पूर्ण होऊन सर्वांना प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही हुसकावून लावू नये.

यात अन्याय्य काय आहे? नागरिकांना त्रास होईल असे काय आहे? उलट, कोणी कोठे बसायचे, किती जणांनी बसायचे आणि कोणी बसायचे नाही, हे ठरवण्याचे साधन या कायद्याने प्रशासनाच्या हाती दिले. ते साधन प्रशासनाने वापरलेच नाही.

गणिताची साक्ष

भावनेचा भाग बाजूला ठेवून निव्वळ आकडे पाहावेत. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांहून अधिक आहे. तिचे अडीच टक्के म्हणजे सुमारे ३ लाख ११ हजार. कायद्याने आखलेली मर्यादा ही आहे. २०१४ साली महापालिकेने सर्वेक्षण केले, तेव्हा ९९ हजार ४३५ अर्ज आले. म्हणजे आलेला प्रत्येक अर्ज मंजूर केला असता, तरी मर्यादेचा तिसरा हिस्साही भरला नसता! छाननी व्हायला हवीच. बनावट अर्जदार, भाड्याने गाड्या लावणारे, एकाच घरात चार-चार जागा अडवणारे यांना वगळायलाच हवे. परंतु छाननीच्या नावाखाली मागितलेली कागदपत्रे पाहिली तर हसावे की रडावे कळत नाही. ज्याचा सारा संसार टोपलीत आणि डोक्यावरच्या चुंबळीत मावतो, त्या माणसाने आपल्या धंद्याचा पुरावा म्हणून काय दाखवावे? जप्तीच्या दंडाच्या पावत्या! ज्यांनी त्या जपून ठेवल्या, ते सुदैवी ठरले. पालिकेने ज्याला वारंवार छळले, त्याचाच दावा बळकट. आणि जो निमूटपणे हप्ता देऊन वाचला, त्याच्याजवळ कागदच नाही. कारण हप्त्याची पावती मिळत नसते.

यापुढचा इतिहास अधिकच उद्वेगजनक आहे. राज्याचे नियम यायला २०१६ साल उजाडले आणि योजना यायला २०१७. मुंबईच्या पथविक्रेता समितीवर फेरीवाल्यांचे प्रतिनिधी निवडण्यासाठी मतदान झाले ते २९ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे कायदा अमलात आल्यानंतर दहा वर्षांनी. त्या निवडणुकीच्या मतदारयादीत नावे होती ३२ हजार ४१५. लोकसंख्येच्या अडीच टक्के सोडाच, हे प्रमाण पाव टक्क्याच्या आसपास जाते. शिवाय ही यादी बेतलेली होती २०१४ च्याच सर्वेक्षणावर. कायद्याने सांगितलेले पुढचे सर्वेक्षण २०१९ पर्यंत व्हायला हवे होते. २०१४ नंतर ज्या विधवेने पदरात दोन लेकरे घेऊन रस्त्याच्या कडेला भाजीची टोपली मांडली, करोनाच्या काळात कारखान्यातील काम गेल्यावर ज्याने मास्क आणि फळे विकायला सुरुवात केली, त्यांची या शहराच्या दप्तरी नोंदच नाही.

येथे एक विसंगती नोंदवलीच पाहिजे. १ जून २०२० रोजी केंद्राने फेरीवाल्यांसाठी 'स्वनिधी' योजना सुरू केली. तारणाशिवाय पहिल्या टप्प्यात दहा हजारांचे कर्ज आणि नियमित परतफेड केल्यास पुढच्या टप्प्यांत अधिक रक्कम, अशी तिची रचना. २०२५ साली पहिला टप्पा पंधरा हजारांचा करण्यात आला. ज्यांचे नाव सर्वेक्षणात नाही, त्यांना स्थानिक संस्थेच्या शिफारसपत्रावर कर्ज मिळण्याची सोय या योजनेत ठेवली गेली. सावकाराच्या दारात जाणाऱ्या माणसाला बँकेच्या दारात उभे करणारे हे पाऊल स्तुत्यच होते. पण परिणाम काय झाला? धंदा वाढवण्यासाठी बँकेने ज्याला कर्ज दिले, त्याच धंद्यावर पालिकेची अतिक्रमण निर्मूलनाची गाडी येते आणि त्याच कर्जातून घेतलेला माल उचलून नेते. एका हाताने भांडवल द्यायचे आणि दुसऱ्या हाताने तराजू हिसकावायचा, याला धोरण म्हणायचे काय? गाडीवर लावलेला डिजिटल पैशांचा चौकोनी छाप बँकेला त्याची ओळख पटवतो. आधार क्रमांक केंद्र सरकारला पटवतो. ज्या रस्त्यावर तो बारा-चौदा तास उभा असतो, त्या रस्त्याच्या मालकाला, म्हणजे महापालिकेला, मात्र तो ओळखू येत नाही.

टंचाई कोणाच्या पथ्यावर?

कोणत्याही वस्तूची कृत्रिम टंचाई निर्माण झाली की काळा बाजार फोफावतो, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही. रेशनच्या रांगेत उभी राहिलेली पिढी हे अनुभवाने जाणते. रॉकेल, साखर, सिमेंट, टेलिफोन, स्कूटर... ज्या ज्या वस्तूला परवान्याचे कुलूप लागले, त्या त्या वस्तूचे दलाल गब्बर झाले. १९९१ नंतर मोठ्या उद्योगांच्या पायांतील बेड्या बऱ्याच अंशी तुटल्या. उद्योगपतीला कारखान्याची क्षमता वाढवण्यासाठी दिल्लीच्या वाऱ्या कराव्या लागत, ते दिवस इतिहासजमा झाले. पण परवाना-राज संपले असे जे म्हणतात, त्यांनी ते कोणासाठी संपले हेही सांगावे. कोट्यवधींची गुंतवणूक करणाऱ्यासाठी गालिचे अंथरले गेले. दोन हजारांचा माल डोक्यावर घेऊन निघालेल्या कोळणीसाठी परवाना-राज आजही जसेच्या तसे उभे आहे.

या टंचाईचे लाभार्थी कोण, हे शोधायला दूर जावे लागत नाही. पहिला लाभार्थी हप्ता गोळा करणारा. दुसरा त्याच्यामागे उभा असलेला यंत्रणेतील माणूस. तिसरा 'पदपथाचा मालक' म्हणवणारा स्थानिक दादा, जो दहा-वीस जागा अडवून त्या रोजच्या भाड्याने देतो. आणि चौथा लाभार्थी म्हणजे तो राजकीय कार्यकर्ता, जो सकाळी कारवाईसाठी निवेदन देतो आणि संध्याकाळी कारवाई थांबवण्यासाठी फोन करतो. फेरीवाला अधिकृत झाला, तर या चौघांचेही दुकान बंद होते. २०१४ चा कायदा दशकभर का रखडला, याचे उत्तर कोणत्याही चौकशी आयोगाविना येथेच मिळते.

यातील एक वस्तुस्थिती जाणीवपूर्वक झाकली जाते. प्रमाणपत्र मिळालेला विक्रेता आपली जागा भाड्याने देऊ शकत नाही. दिली तर त्याचे प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. म्हणजे जागा अडवणाऱ्या दादाविरुद्धचे सर्वांत धारदार शस्त्र या कायद्यातच आहे. पण ज्याला प्रमाणपत्रच दिले नाही, त्याचे रद्द काय करणार? बेकायदेशीर माणसाला फक्त पळवता येते, त्याचे नियमन करता येत नाही. म्हणूनच गाडी येते, पथाऱ्या पांगतात, गाडी जाते, पथाऱ्या पुन्हा मांडल्या जातात. हा लपंडाव मुंबईकर गेली कित्येक दशके पाहत आहे.

एके काळी महापालिका स्वतःच परवाना नसलेल्या फेरीवाल्यांकडून रोजची 'पावती' फाडून शुल्क घेत असे. ती पद्धत बंद झाली. पैसे देणे मात्र बंद झाले नाही. फक्त ते पालिकेच्या तिजोरीत जाण्याऐवजी भलत्याच खिशात जाऊ लागले. शहराचा महसूल बुडाला, फेरीवाल्याचा पुरावा बुडाला आणि नागरिकाचा पदपथही बुडाला!

दिल्लीच्या सायकल रिक्षांचा धडा

हे दुखणे केवळ मुंबईचे नाही. दिल्लीत सायकल रिक्षांच्या परवान्यांवर महापालिकेने अशीच मर्यादा घातली होती - ९९ हजारांची. शिवाय रिक्षाचा मालक हाच तिचा चालक असला पाहिजे, असा नियम होता. कागदावर हा नियम गरिबांच्या हिताचा वाटतो. पण गावाहून शेतीच्या रिकाम्या हंगामात आलेला मजूर रिक्षा विकत कशी घेणार? तो ती भाड्यानेच चालवणार. परिणामी परवान्यांच्या मर्यादेपलीकडच्या असंख्य रिक्षा 'बेकायदेशीर' ठरल्या, त्या जप्त होऊ लागल्या, मोडीत काढल्या जाऊ लागल्या आणि त्यातून हप्तेबाजी बोकाळली.

२००१ साली तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी दिल्लीच्या नायब राज्यपालांना पत्र लिहून रिक्षाचालक आणि फेरीवाले यांना या परवाना-जाचातून मोकळे करण्याची भूमिका मांडली. गरिबांच्या परवाना-राजकडे देशाच्या सर्वोच्च कार्यालयाने इतक्या स्पष्टपणे पाहण्याचा तो एक विरळा प्रसंग. तरीही ती मर्यादा मोडायला २०१० साल उजाडावे लागले. त्या वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने 'मानुषी' संघटनेच्या याचिकेवर निर्णय देताना ही मर्यादा आणि रिक्षा मोडीत काढण्याची तरतूद घटनाबाह्य ठरवली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. पंतप्रधानांची इच्छा, न्यायालयाचा निर्णय आणि संसदेचा कायदा या तिन्हींपेक्षा स्थानिक कार्यालयातील फाइल बलवान ठरते, हा या प्रकरणाचा खरा धडा आहे.

पादचाऱ्याचे काय?

फेरीवाल्यांची बाजू मांडली की एक रास्त प्रश्न विचारला जातो - मग माणसांनी चालायचे कोठून? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. काठी टेकत चालणाऱ्या आजोबांना, बाबागाडी ढकलणाऱ्या आईला, शाळेत जाणाऱ्या मुलांना पदपथावरून निर्वेधपणे जाता आलेच पाहिजे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर झालेल्या चेंगराचेंगरीत २३ जणांचे प्राण गेले. त्यानंतर रेल्वे स्थानकांभोवतालच्या गर्दीचा आणि फेरीवाल्यांचा प्रश्न ऐरणीवर आला. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने स्थानकांपासून दीडशे मीटर आणि शाळा, रुग्णालये व प्रार्थनास्थळांपासून शंभर मीटरच्या आत फेरीला मनाई केली. या मर्यादा आवश्यकच होत्या. त्या पाळल्या जाव्यात, हे फेरीवाल्यांच्या प्रामाणिक नेत्यांनीही मान्य केले पाहिजे.

परंतु मनाई कोठे, हे सांगितल्यावर मुभा कोठे, हेही सांगावे लागते. अर्धे सांगायचे आणि अर्धे गिळायचे, यातून शिस्त निर्माण होत नाही. विक्री क्षेत्रे आखली, प्रत्येक जागेला क्रमांक दिला, पट्टे मारले, प्रमाणपत्रधारकाचे नाव जाहीर केले, तर पट्ट्याबाहेर बसलेला माणूस कोण हे सामान्य नागरिकालाही ओळखता येईल आणि त्याच्याविरुद्ध तक्रार करता येईल. आज सगळेच बेकायदेशीर असल्यामुळे कोणालाच ओळखता येत नाही. म्हणजेच पादचाऱ्याचा खरा शत्रू परवाना नसून परवान्याचा अभाव आहे. फेरीवाला आणि पादचारी यांना एकमेकांविरुद्ध उभे करून ज्यांची सोय होते, ते दोघांच्याही हिताचे वैरी आहेत.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करायला हवी. पदपथावरील गर्दीबद्दल तावातावाने बोलणारे अनेक जण घरी परतताना त्याच पदपथावरून भाजी घेतात. वसईहून पहाटेच्या गाडीने येणाऱ्या भाजीवालीची मेथी ताजी असते, कोळणीचा बाजार दारात येतो, दादरच्या फुलवालीच्या हारावाचून दसरा-पाडवा साजरा होत नाही. सेवा हवी, स्वस्ताई हवी, पण ती देणारा माणूस नजरेआड हवा! हा सोयीस्कर ढोंगीपणा सुसंस्कृत समाजाला शोभत नाही.

एकाला विश्वास, दुसऱ्याला संशय

शासन नागरिकावर विश्वास ठेवूच शकत नाही, असे नाही. १ जुलै २०२० पासून सुरू झालेल्या 'उद्यम' नोंदणीत सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योजकाने स्वतः दिलेली माहिती ग्राह्य धरली जाते. कागदपत्रे जोडावी लागत नाहीत, शुल्क लागत नाही. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांसाठी २०१७ साली नवा कायदा आला. ज्याला मुंबईकर 'गुमास्ता परवाना' म्हणत आला, त्याची जागा दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांच्या बाबतीत साध्या सूचनेने घेतली. आपण व्यवसाय सुरू केला आहे, एवढे कळवले की झाले. या सुधारणांचे स्वागतच केले पाहिजे.

मग हाच विश्वास रस्त्यावरच्या स्वयंरोजगारीच्या वाट्याला का येत नाही? चार भिंती आणि शटर असलेल्याने नुसते कळवावे आणि उघड्यावर उन्हातान्हात उभ्या राहणाऱ्याने मात्र चार-पाच दशके वाट पाहावी, हा कोणता न्याय? रस्ता सार्वजनिक आहे, म्हणून तेथे जागेचे वाटप व नियमन अपरिहार्य आहे, हे खरे. पण वाटप करायचे नाही, ही नियमनाची व्याख्या होऊ शकत नाही. बृहन्मुंबईत हे सारे अजूनही चालते ते १८८८ च्या महापालिका अधिनियमाच्या आधारे. परवान्याशिवाय सार्वजनिक जागी विक्री करण्यास मनाई करणारा आणि विना नोटीस माल उचलण्याची मुभा देणारा हा अधिनियम परक्या राजवटीत जन्मला. २०१४ च्या कायद्याने स्पष्ट म्हटले आहे की, इतर कायद्यांशी विसंगती आल्यास हाच कायदा प्रभावी ठरेल. तरीही रस्त्यावर १८८८ जिंकते आणि २०१४ हरते. स्वतंत्र भारताच्या संसदेचा याहून मोठा उपमर्द कोणता?

या मातीची परंपरा अशी नव्हती. मराठा राजवटीत नवी पेठ वसवायची झाली, तर राज्यकर्ते व्यापारी-उदमी यांना कौल देऊन बोलावत आणि काही वर्षे करांत सूट देत. पुण्यातील पेठा अशाच वसल्या. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात व्यापाऱ्यांमुळे राज्याला शोभा व संपन्नता येते, अडचणीच्या वेळी तेच उपयोगी पडतात, म्हणून त्यांचा मान राखावा, असा उपदेश आहे. ज्यांच्या अभंगांनी महाराष्ट्राचे मन घडले, त्या संतमंडळींतही मडकी घडवणारे गोरोबा होते, मळा पिकवणारे सावतोबा होते, दागिने घडवणारे नरहरी होते. स्वतःच्या हाताने कमावून खाणाऱ्याला या समाजाने वंदनीय मानले. 'अतिक्रमण' हा शब्द त्याच्या कपाळी चिकटवला तो अलीकडच्या काळाने.

कौल हवा, कृपा नको

उपाय अवघड नाहीत. इच्छा अवघड आहे. सर्वेक्षण दहा-दहा वर्षांनी होणारा उत्सव न राहता नोंदणीची खिडकी बारमाही उघडी राहावी. अर्ज घेतल्याची क्रमांकासह पोच मिळावी आणि निर्णय ठरावीक मुदतीत व्हावा. नकार दिल्यास लेखी कारण द्यावे. विभागवार विक्री क्षेत्रे, उपलब्ध जागा आणि प्रमाणपत्रधारकांची यादी विभाग कार्यालयाबाहेर मराठीत लावावी. शुल्क थेट पालिकेच्या खात्यात जमा व्हावे, म्हणजे मधल्या हाताची गरज उरणार नाही. माल उचलताना यादी न देणाऱ्या कर्मचाऱ्यावर कारवाई व्हावी. आणि न्यायिक अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील जी तक्रार निवारण समिती कायद्याने सांगितली आहे, तिच्यापर्यंत टोपलीवालीलाही पोहोचता यावे.

या बदल्यात फेरीवाल्यांनीही आपले कर्तव्य ओळखले पाहिजे. आखलेल्या पट्ट्यात बसणे, जागा स्वच्छ ठेवणे, वजनकाटा खरा ठेवणे, जागा भाड्याने न देणे ही त्यांची जबाबदारी आहे. ती झटकणाऱ्यांची बाजू कोणीही घेऊ नये. हक्क आणि कर्तव्य ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत. पण आज त्या तराजूच्या एका पारड्यात दंड आहे, हप्ता आहे, जप्ती आहे; दुसरे पारडे रिकामेच आहे.

पुढच्या मेळाव्यात तरुणांना धंद्याचा उपदेश करण्यासाठी जे पुढारी उभे राहतील, त्यांनी भाषणापूर्वी एकच करावे. आपल्या विभाग कार्यालयात जाऊन त्या खिडकीवर स्वतः विचारावे - 'भाजीची गाडी लावायची आहे, परवाना कोठे मिळेल?' मिळणारे उत्तर मग व्यासपीठावरून जसेच्या तसे सांगावे. तेवढे धैर्य नसेल, तर तरुणांना उद्योजकतेचे डोस पाजणे तरी थांबवावे. स्वाभिमानाने जगण्याची परवानगी ज्याच्याकडून हप्ता देऊन विकत घ्यावी लागते, त्या यंत्रणेला कष्टाळू माणसाला 'बेकायदेशीर' म्हणण्याचा अधिकार उरत नाही.